मान वळवली की जग वळायला हवं : आभासी वास्तवाच्या संशोधकांची गोष्ट

सुरुवातीलाच आपण सगळे मिळून एक छोटी गोष्ट करू या. बसल्या जागेवरून जरा मान वळवून दरवाजाकडे बघा. आता परत समोर बघा. काय झालं? काहीच नाही. दरवाजा होता तिथेच राहिला, भिंती हलल्या नाहीत, कुणाला चक्कर आली नाही. आपण हे दिवसातून हजारो वेळा करतो आणि त्याची दखलही घेत नाही.

आजचं व्याख्यान या न घेतलेल्या दखलीबद्दल आहे. व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे मराठीत ज्याला आपण आभासी वास्तव म्हणतो, त्याचा इतिहास बहुतेक वेळा चित्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. चित्रं आधी साधी होती, मग रंगीत झाली, मग खरी वाटायला लागली. आम्ही या व्याख्यानाची तयारी करत होतो तेव्हा जुने शोधनिबंध वाचताना जाणवलं ते वेगळंच. ज्या संशोधकांमुळे हे क्षेत्र उभं राहिलं, त्यांचं लक्ष चित्रापेक्षा मानेवर जास्त होतं. माणसाने मान वळवली की यंत्राने काय करायचं? आणि ही मान नेमकी कुणाची? हे दोन प्रश्न धरून आपण पुढे जाऊ.

गोष्ट सुरू होते आयव्हन सदरलँड या माणसापासून. जन्म १९३८, अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य. १९६३ साली एमआयटीमध्ये त्यांनी पीएच.डी. साठी 'स्केचपॅड' नावाची प्रणाली केली. त्या काळी संगणकाशी बोलायचं म्हणजे कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. स्केचपॅडमध्ये माणूस पडद्यासमोर बसून प्रकाशलेखणीने थेट रेघ काढत होता, ती ओढत होता, चौकोन मोठा-लहान करत होता. पुढे ते 'आर्पा' या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संस्थेत संगणक संशोधनाचा विभाग सांभाळायला गेले. हे लक्षात ठेवा, कारण या सगळ्या इतिहासात संरक्षण खात्याचा पैसा कधी उघड, कधी आडून येत राहतो.

१९६५ साली सदरलँड यांनी एक अगदी छोटा लेख लिहिला. अंतिम, सर्वश्रेष्ठ पडदा कसा असेल, याची त्यात कल्पना होती. मांडणी अशी की संगणकाचा पडदा ही एक खिडकी समजा. तिच्यातून दिसणारं जग खरं दिसायला हवं, खरं ऐकू यायला हवं आणि हाताला खरं लागायलाही हवं. पुढची कित्येक दशकं संशोधक या लेखाकडे परत परत येत राहिले.

पण त्यांनी नुसता लेख लिहिला नाही. १९६६ मध्ये ते हार्वर्डला प्राध्यापक म्हणून गेले आणि बॉब स्प्रौल वगैरे तरुण विद्यार्थ्यांना घेऊन यंत्र बांधायला लागले. त्या आधीचा एक प्रसंग सदरलँड यांनी सांगितलेला आहे. बेल हेलिकॉप्टर कंपनीत एक प्रयोग चालू होता. माणूस आत खोलीत आरामात बसलेला, आणि कॅमेरा इमारतीच्या छतावर. माणसाने मान वळवली की कॅमेराही वळायचा, आणि कॅमेऱ्याला दिसणारं चित्र माणसाच्या डोळ्यांसमोर यायचं. छतावर दोघं जण चेंडू खेळत होते. त्यातल्या एकाने चेंडू कॅमेऱ्याच्या दिशेने फेकला, आणि आत बसलेला माणूस झटकन खाली वाकला! त्याला लागणार काहीच नव्हतं, तो आत सुरक्षित होता. तरी शरीराने निर्णय घेऊन टाकला होता. सदरलँड यांची पुढची उडी अशी की कॅमेऱ्याच्या जागी संगणक बसवला तर?

१९६८ चं ते यंत्र कसं होतं? डोळ्यांसमोर दोन चिमुकल्या चित्रनळ्या, आणि अर्धपारदर्शक आरसे. म्हणजे समोरची खरी खोलीही दिसायची आणि तिच्यावर संगणकाने काढलेल्या रेघाही दिसायच्या. डोकं कुठे आहे, कुठे वळलंय हे कळावं म्हणून छतापासून डोक्यापर्यंत एक यांत्रिक दांडा लोंबत असे. डोक्यावरचा तो दांडा बघून लोकांनी गमतीने त्याला 'डॅमोक्लीसची तलवार' म्हटलं. ग्रीक कथेत राजाच्या आसनावर बसलेल्या डॅमोक्लीसच्या डोक्यावर केसाला बांधलेली तलवार टांगलेली असते, तिच्यावरून. आणि एवढा खटाटोप करून दिसायचं काय? तारेचा सांगाडा असावा तसा एक घन. एखादा रेणू. रेघांची एक खोली. बस्स.

पण हे चित्र मानेबरोबर बदलत होतं. सुमारे सहा फूट व्यासाच्या आणि तीन फूट उंचीच्या जागेत माणूस डोकं हलवू शकत होता, पूर्ण गिरकी घेऊ शकत होता. आणि निबंधात सदरलँड एक महत्त्वाची गोष्ट सांगून जातात. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली की खोली जाणवते, हे लोकांना ठाऊकच होतं. ते म्हणतात, ते महत्त्वाचं आहेच. पण डोकं हलवल्यावर चित्र जसं बदलतं, ते त्याहून जास्त महत्त्वाचं. म्हणजे बघा, पहिल्याच निबंधात उत्तर दिलेलं आहे. खरेपणा रंगात किंवा बारकाव्यात बसलेला नाही, तो हालचालीत आहे. रेघांचा घनसुद्धा खरा वाटतो, जर तो मानेचं ऐकत असेल तर.

आता एक योगायोग सांगतो. हा निबंध डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या संगणक परिषदेत आला, त्याच परिषदेत ९ डिसेंबरला डग्लस एंगेलबार्ट यांनी आपलं प्रसिद्ध प्रात्यक्षिक केलं. सुमारे दीड तास. माऊस, पडद्यावर मजकुराची दुरुस्ती, एका कागदपत्रातून दुसऱ्यात नेणारे दुवे, दूरच्या सहकाऱ्याशी पडद्यावरून संवाद. आज आपल्या टेबलावर जे आहे, त्यातलं बरंच काही. एकाने हाताचा विचार केला, दुसऱ्याने मानेचा. पण दोघांचा मूळ प्रश्न एकच होता: माणूस आणि संगणक एकमेकांना भेटतात त्या जागी नेमकं काय घडतं? पुढे या प्रश्नाचं एक अख्खं अभ्यासक्षेत्र झालं. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एचसीआय म्हणतात, आपण मानव-संगणक संवाद म्हणू.

हे क्षेत्र काही फार लांबचं नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात 'स्वरचक्र' नावाचा कळफलक तयार झाला. मोबाइलवर 'क' दाबला की त्याच्याभोवती चक्र उघडतं: का, कि, की, कु. आपण शाळेत बाराखडी शिकलो, त्या ओळखीच्या रचनेवर तो कळफलक उभा आहे. इंग्रजीसाठी केलेल्या कळा मराठी माणसाने पाठ करायच्या, की कळफलकाने बाराखडी शिकायची? एचसीआयचा प्रश्न तो हाच. जुळवून कुणी घ्यायचं?

या प्रश्नाला सगळ्यात स्पष्ट उत्तर देणारा माणूस म्हणजे फ्रेडरिक ब्रुक्स. आयबीएमच्या सिस्टीम/३६० या गाजलेल्या संगणकाच्या प्रकल्पाचे ते प्रमुख होते. १९६४ साली एवढी मोठी जागा सोडून ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिल गावी आले आणि तिथे संगणकशास्त्राचा विभाग सुरू केला. सदरलँड यांच्या कल्पनेने ते भारावले होते. पण त्यांची स्वतःची एक पक्की धारणा होती. संगणकशास्त्रज्ञ हा अवजारं घडवणारा कारागीर आहे, असं ते म्हणत. आता लोहाराने विळा चांगला केला की नाही, हे कोण ठरवणार? लोहार नव्हे, कापणी करणारा. म्हणून ब्रुक्स यांनी नियमच केला की दुसऱ्या क्षेत्रातला एखादा खरा माणूस, त्याचं खरं काम घेऊन बरोबर असला पाहिजे.

त्यांना भेटले रसायनशास्त्रज्ञ. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसतो, हे त्यांना शोधायचं होतं. ब्रुक्स यांच्या गटाने १९६७ पासून 'ग्रोप' नावाचा प्रकल्प चालवला. ग्रोप म्हणजे चाचपडणं. किरणोत्सारी पदार्थ दुरून हाताळण्यासाठी जे यांत्रिक हात वापरतात, तसा एक हात त्यांनी मिळवला आणि संगणकाला जोडला. रेणू खाचेजवळ नेला की शास्त्रज्ञाच्या हाताला ओढ किंवा ढकल जाणवायची. कल्पना सुंदर, पण सत्तरच्या दशकातल्या संगणकाला तेवढा हिशेब तेवढ्या वेगाने झेपेना. काम थांबवावं लागलं. संगणक मोठे झाल्यावर परत हाती घेतलं, आणि १९९० मध्ये त्याचा मोठा निबंध आला. तेवीस वर्षं! आजच्या भाषेत बोलायचं तर एवढा धीर कुठल्या गुंतवणूकदाराला परवडला असता? विद्यापीठाला परवडला.

याच गटाची दुसरी गोष्ट. विभागासाठी सिटरसन हॉल ही नवी इमारत बांधायची होती. वास्तुविशारदांचे नकाशे घेऊन विद्यार्थ्यांनी ती इमारत आधी संगणकात उभी केली. मग चालायचा पट्टा आणला, त्याला सायकलसारखी हँडल लावली, आणि न बांधलेल्या इमारतीत लोक फिरायला लागले. फिरताना लक्षात आलं की प्रवेशाच्या दालनातली एक आडभिंत अंगावर येते. कागदावरच्या नकाशात ते कुणाला दिसलं नव्हतं. पायांना कळलं, आणि खरी भिंत बांधायच्या आधीच सरकली. आभासी वास्तवाने खऱ्या जगात केलेला हा बदल फार मोठा नाही, पण खरा आहे.

या सगळ्याची एक दुसरी बाजूही चालू होती. टॉम फर्नेस अमेरिकी हवाई दलात वैमानिकांसाठी डोक्यावरचे पडदे तयार करत होते. नासाच्या एम्स केंद्रात मायकेल मॅकग्रीव्ही आणि स्कॉट फिशर यांनी ऐंशीच्या दशकात छोट्या खिशातल्या टीव्हीचे पडदे वापरून तुलनेने स्वस्त हेडसेट केला. जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल कंपनीने हातमोजे आणि हेडसेट विकायला काढले आणि 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हा शब्द घराघरात नेला. १९९२ मध्ये शिकागोला कॅरोलिना क्रूझ-नीरा, डॅन सँडिन आणि टॉम डीफँटी यांनी 'केव्ह' मांडली: डोक्यावर पडदा घालायच्या ऐवजी अख्खी खोलीच पडद्यांची. वर्तमानपत्रं भरून गेली. आता सगळं बदलणार, असा सूर लागला. १९९५ मध्ये निन्टेंडोने 'व्हर्च्युअल बॉय' नावाचं खेळणं बाजारात आणलं आणि ते साफ आपटलं. लोकांचा उत्साह ओसरला.

का आपटलं? किंमत, खेळ, तांबडी चित्रं, कारणं पुष्कळ आहेत. पण एकूण या तंत्राचं मूळ दुखणं समजून घ्यायचं तर परत मानेकडे यावं लागतं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारं इंद्रिय आहे. मान वळली हे ते मेंदूला लगेच सांगतं. हेडसेटला मात्र आधी मान मोजावी लागते, मग चित्राचा हिशेब करावा लागतो, मग ते पडद्यावर आणावं लागतं. यात क्षणाचा छोटासा भाग जातो. तेवढ्यात कान म्हणतो 'वळलो', डोळा म्हणतो 'नाही वळलो'. घाटात बसमध्ये पुस्तक वाचायला घेतलं की पोटात ढवळतं ना? तिथेही हेच भांडण असतं.

१९९९ मध्ये ब्रुक्स यांनी एक काम केलं जे आम्हाला फार मोलाचं वाटतं. त्यांनी पाहणी केली की हे तंत्र प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक सोडून रोजच्या कामात खरोखर कुठे वापरलं जातंय. निष्कर्ष अगदी मोजून-मापून दिला: पाच वर्षांपूर्वी हे जवळजवळ चालत होतं, आता ते जेमतेम चालतं. आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षं ज्या कामाला दिली, त्याबद्दल असं बोलायला वेगळं धैर्य लागतं. आणि सुधारायच्या गोष्टींमध्ये त्यांनी बोट ठेवलं ते याच उशिरावर.

मग हा उशीर किती चालेल? इथे चॅपल हिलच्या 'खड्ड्याची खोली' या प्रयोगाकडे येऊ. कल्पना करा, हेडसेट घालून आपण एका साध्या खोलीत आहोत. दार उघडून पुढच्या खोलीत जातो, तर तिथे जमीनच नाही! कडेने अरुंद पट्टी, आणि खाली सहा मीटर खोल खड्डा. प्रत्यक्षात आपण प्रयोगशाळेच्या सपाट फरशीवर उभे असतो, आणि ते आपल्याला माहीतही असतं. तरी पाय पुढे पडत नाही. मायकेल मीहान, मेरी व्हिटन, ब्रुक्स वगैरे मंडळींनी लोकांना 'खरं वाटलं का?' एवढंच विचारलं नाही. त्यांनी हृदयाचे ठोके मोजले, तळहाताला सुटलेला घाम मोजला. फरशीवर जेमतेम दीड इंच जाडीची लाकडी पट्टी ठेवली आणि पायाला तिची कड लागू दिली, तर परिणाम आणखी वाढला. दीड इंचाची कड आणि सहा मीटरचा खड्डा! आणि पुढच्या प्रयोगात दिसलं की उशीर ९० मिलिसेकंदांऐवजी ५० मिलिसेकंद असेल, तर हृदय जास्त धडधडतं. चित्र तेच, खड्डा तोच. फरक फक्त मानेच्या हाकेला यंत्र किती लवकर ओ देतं, याचा.

भीती निर्माण करता येते, तर ती कमी करता येईल का? १९९५ मध्ये अटलांटा शहरात मानसोपचार क्षेत्रातल्या बार्बरा रॉथबॉम आणि संगणकशास्त्रज्ञ लॅरी हॉजेस यांनी उंचीची भीती असलेल्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आभासी पूल, गच्च्या, काचेची लिफ्ट. एकेक पायरी वर नेत नेत. उपचार मिळालेल्यांची भीती प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली. सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन भाजलेल्या रुग्णांबरोबर काम करत होते. भाजलेल्या जखमा स्वच्छ करताना औषध देऊनही भयंकर वेदना होतात. त्या वेळी रुग्णाला 'स्नोवर्ल्ड' नावाच्या बर्फाच्या जगात नेलं जाई. बर्फाचे गोळे फेकायचे, हिममानव, पेंग्विन. लक्ष तिकडे गुंतलं की वेदनेला मिळणारं लक्ष कमी पडतं. आणि हे जिथे झालं ती सिएटलची प्रयोगशाळा कुणी उभी केली होती? हवाई दल सोडून आलेल्या टॉम फर्नेस यांनी. वैमानिकासाठी घडलेलं अवजार भाजलेल्या मुलाच्या उशाशी पोचलं. याने संरक्षणाचा पैसा पवित्र होत नाही, पण अवजाराचा पुढचा प्रवास वापरणाऱ्यांच्या हातात असतो, एवढं नक्की दिसतं.

आता दुसरा प्रश्न, जो आपण सुरुवातीला बाजूला ठेवला होता. मान कुणाची?

२०१२ च्या सुमाराला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्क बोलास यांच्या प्रयोगशाळेत पामर लकी नावाचा तरुण काम करत होता. त्यातून पुढे ऑक्युलस ही कंपनी आली आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती सुमारे दोन अब्ज डॉलरना घेतली. हेडसेट परत बाजारात आले, या वेळी खूपच चांगले. आणि जुनी तक्रारही परत आली: बायकांना यात जास्त मळमळतं. त्यावर एक सोपं उत्तर तयारच होतं, 'त्यांची प्रकृतीच तशी'.

चष्म्याच्या दुकानात गेलं की दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतात, आपल्याला माहीत आहे. ते चुकलं तर नवा कोरा चष्माही डोकं दुखवतो. हेडसेटच्या भिंगांचंही तसंच आहे. २०२० मध्ये के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाजारातल्या हेडसेटची भिंगं जितकी जवळ आणता येतात, त्याहून कमी अंतर पुष्कळ बायकांच्या डोळ्यांमध्ये असतं. ज्या बायकांना भिंगं नीट बसली, त्यांचा त्रास पुरुषांसारखाच निघाला. म्हणजे त्यांच्या प्रयोगापुरतं तरी दोष प्रकृतीकडे कमी आणि मापाकडे जास्त जात होता. त्याच वर्षी टॅबिथा पेक यांच्या गटाने या क्षेत्रातल्या प्रमुख परिषदेचे पाच वर्षांचे निबंध तपासले. प्रयोगात भाग घेणाऱ्यांमध्ये बायका कमी, निबंध लिहिणाऱ्यांमध्येही कमी. पेक यांची पीएच.डी. चॅपल हिलचीच आहे. खड्ड्याच्या खोलीत हृदयाचे ठोके मोजायला शिकवणाऱ्या परंपरेनेच पुढे विचारलं, की आपण मोजलं कुणाला?

इथे आपल्याला या इतिहासाचं मर्म सापडतं, असं आम्हाला वाटतं. सदरलँड यांच्यापासून पेक यांच्यापर्यंत या मंडळींचं मोठं काम भ्रम निर्माण करण्याचं होतंच, पण त्याहून मोठं काम मोजण्याचं होतं. मोजलं म्हणून उशीर सापडला, मोजलं म्हणून भिंगांची चूक सापडली. आणि जे शरीर मोजलंच नाही, त्याच्या माथी दोष मारणं सोपं गेलं. यंत्र सगळ्यांसाठी आहे असं म्हणायचं आणि माप मात्र काही जणांचं घ्यायचं, ही चूक फक्त हेडसेटमध्ये होते असं नाही. शिवणयंत्राच्या टेबलाची उंची, बसच्या पायरीची उंची, ओट्याची उंची, कुठेही बघा.

फ्रेडरिक ब्रुक्स १७ नोव्हेंबर २०२२ रोजी गेले. त्यांचा लोहाराचा नियम मात्र अजून लागू आहे. उद्या आपल्यापैकी कुणाच्या मुलाला शाळेत, कुणाला दवाखान्यात, कुणाला कारखान्यातल्या प्रशिक्षणात असा हेडसेट घालायला सांगतील. पाच मिनिटांत गरगरायला लागलं तर गप्प बसू नका आणि लाजूही नका. हेडसेट काढा, आणि हे यंत्र कुणाच्या मापाने केलंय ते विचारा. साठ वर्षांपूर्वी छताला दांडा टांगून ज्यांनी हे काम सुरू केलं, त्यांचाही प्रश्न तोच होता: माणसाने मान वळवली, यंत्र वळलं का?

आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.